मोबाइलवरील गावपेढी : पीक की विहीर?

गेल्या दिवाळीनंतर आमच्या गावी एका कंपनीचे प्रतिनिधी दोनदा येऊन गेले. मोबाइल आणि त्यास जोडावयाचे बोटाचा ठसा घेणारे लहानसे यंत्र, एवढ्या सामग्रीवर गावातल्या गावात बँकेतले पैसे काढून देणे, विजेचे बिल भरणे, रिचार्ज करणे, विम्याचा हप्ता घेणे असली कामे करणारे केंद्र कोणीही काढावे. नाव कंपनीचे, पाटी कंपनीची, रीत कंपनीची, आणि कमिशन केंद्र चालविणाराचे, असा त्यांचा सांगावा होता. अनामत, यंत्राची किंमत व हाताशी ठेवावयाची रोकड मिळून पाऊण लाखाच्या घरात रक्कम लागणार होती. आमच्या आळीतील एका विधवा बाईने हे केंद्र घेण्याचे मनात आणले. तिच्या पदरी दीड एकर जिरायत जमीन आणि दोन शाळकरी मुले. कर्ज मिळत होते, परंतु जामीन पाहिजे होता. ती कागद घेऊन माझ्याकडे आली व म्हणाली, "भाऊसाहेब, तुमचा सारा जन्म कागद वाचण्यात गेला. एवढा करारनामा वाचा, आणि सही करण्याजोगा असेल तरच जामीन राहा."

करारनामा अकरा पानांचा व इंग्रजीत होता. माझे शिक्षण मराठी शाळेतले. सबब कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्यास शेजारी बसवून तीन संध्याकाळी तो वाचला. वाचताना जे मनात आले ते वाचकांपुढे मांडावे असे वाटले. कारण असले कागद आज गावोगाव सहीसाठी फिरत आहेत, आणि त्यांवर जामीन म्हणून सही करणारे बहुधा आपणच, म्हणजे सातबाऱ्यावर ज्यांचे नाव आहे असे शेतकरी, असतो.

इंग्रजीत ह्या पद्धतीस मायक्रोफ्रँचायझिंग म्हणतात. नाव अवजड, वस्तू साधी. मोठ्या पेढीने आपले नाव, आपला माल व तो विकण्याची ठरीव रीत लहान भांडवलाच्या माणसास द्यावी, आणि त्याने गावापुरता तो धंदा स्वतःच्या जोखमीवर चालवावा. ही नोकरी नव्हे, कारण पगार नाही; स्वतंत्र दुकानदारीही नव्हे, कारण भाव दुसऱ्याने ठरवावयाचा. गरिबी हटविण्याचे साधन म्हणून ह्या पद्धतीचा गेली पंचवीस-तीस वर्षे पुष्कळ बोलबाला झाला आहे, आणि त्यातील मोबाइलच्या प्रकाराचे मूळ बांगला देशात आहे. तेथील हकीकत नीट पाहिली म्हणजे आपल्या गावच्या कागदावर सही कोठे करावी व हात कोठे आखडावा हे ठरविणे सोपे जाईल.

इक्बाल कादीर नावाच्या गृहस्थांनी आपल्या लहानपणची एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. १९७१ च्या युद्धाच्या काळात त्यांचे कुटुंब खेड्यात राहावयास गेले होते. धाकट्या भावासाठी औषध आणावयास त्यांस दुसऱ्या गावी पाठविण्यात आले. सकाळभर चालून ते पोहोचले, तो औषध देणारा जागेवर नाही. दुपारभर चालून रिकाम्या हाताने परत आले. जन्मभर तहसील कचेरीत बसलेल्या माणसास ही गोष्ट परकी वाटत नाही. साहेब दौऱ्यावर आहेत एवढे ऐकण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला शेतकरी मी शेकड्यांनी पाहिला आहे, आणि त्यास 'उद्या या' असे सांगणारा पुष्कळदा मीच असे. पुढे १९९३ साली अमेरिकेत नोकरीस असताना कचेरीतील संगणकांची जोडणी एके दिवशी तुटून काम ठप्प झाले, तेव्हा कादीरांस ती जुनी पायपीट आठवली. शहरात काय किंवा खेड्यात काय, माणसाचा माणसाशी संपर्क नसला की दिवस वाया जातो, हे त्यांच्या मनाने घेतले.

त्या वेळी महंमद युनूस यांची ग्रामीण बँक भूमिहीन घरांतील बायांस बिनतारण लहान कर्जे देत होती. १९७६ साली चितगावजवळील जोब्रा गावी सुरू झालेले हे काम १९८३ साली रीतसर बँक झाले होते. बाईने कर्ज काढून गाय घ्यावी, दूध विकावे, आणि दुधाच्या पैशातून हप्ता फेडावा, अशी त्यांची सरळ रीत. कादीरांनी विचारले की, गाईच्या जागी टेलिफोन का नसावा? तो विकत घ्यावा, त्यावरील बोलणे मिनिटाच्या भावाने गावास विकावे, आणि हप्ता फेडावा. ह्या कल्पनेस नॉर्वेतील टेलेनॉर कंपनीचे भांडवल व तंत्रज्ञान मिळाले, १९९६ साली सरकारचा परवाना मिळाला, आणि २६ मार्च १९९७ रोजी, त्या देशाच्या स्वातंत्र्यदिनी, ग्रामीणफोन कंपनीचे काम सुरू झाले. रेल्वेने आपल्या मार्गालगत टाकलेली काचतंतूंची तार कंपनीने भाड्याने घेतली. त्यामुळे नवी तार ओढण्याचा मोठा खर्च वाचला.

खेड्यातील व्यवस्था अशी होती. ग्रामीण टेलिकॉम ही नफा न वाटणारी निराळी संस्था कंपनीकडून बोलण्याची मिनिटे घाऊक व सवलतीच्या दराने घेई आणि गावातील एका बाईस देई. ही बाई बँकेची जुनी, हप्ते न चुकविणारी कर्जदार असावी. तिचे घर गावाच्या मध्यावर असावे. घरात इंग्रजी आकडे वाचणारे एक तरी माणूस असावे, असे पाहिले जाई. आरंभी गावात फोन एकच. आखातात गेलेला मुलगा पैसे केव्हा पाठवितो, ढाक्याच्या बाजारात भाव काय, डॉक्टर आज बसला आहे की नाही, हे विचारावयास सारा गाव तिच्या अंगणात येई. जे कधी तिच्या दारात पाऊल टाकते ना, ते सधन गृहस्थही आपली पाळी येईपर्यंत तिच्या बाकावर बसत. २००० सालच्या सुमारास झालेल्या पाहणीत अशा फोनवाल्या घराच्या एकंदर उत्पन्नाचा सुमारे चतुर्थांश फोनपासून आलेला आढळला. काही घरी याहून पुष्कळ अधिक. ज्या घरी जमिनीचा तुकडाही नाही तेथे चतुर्थांश म्हणजे काय, हे आपणास समजावून सांगावयास नको. २००६ साली युनूस व त्यांची बँक यांस मिळून शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, तोवर फोनवाल्या बायांची संख्या दोन लाखांवर गेली होती.

जगभर जे सांगितले जाते ते बहुधा येथे संपते. पुढील भाग मात्र आपल्या उपयोगाचा आहे.

बायांची संख्या वाढत होती आणि त्याच वेळी एकेका बाईची कमाई उतरत होती. एका गावात एकाच्या जागी तीन-चार फोन झाले. दुसऱ्या कंपन्या आल्या, मिनिटाचा भाव पडला, हातयंत्र स्वस्त झाले, आधी पैसे भरून वापरावयाची पत्ते निघाली. जो काल बाकावर बसून पाळीची वाट पाहत होता त्याच्या खिशात आज स्वतःचा फोन आला. मौज अशी की, ज्या कंपनीची ही बाई दुकानदार होती तीच कंपनी तिच्या गिऱ्हाइकाच्या हाती थेट फोन देत होती. यात कायद्याचा भंग काही नव्हता. कंपनीने आपला धंदा वाढविला. बाईचा नफा वस्तूच्या दुर्मिळतेवर उभा होता, आणि दुर्मिळता घालविणे हाच कंपनीचा धंदा होता. पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्यांनी फोन घेतला त्यांचे कर्ज फिटून वर घर शाकारून झाले. शेवटी शेवटी ज्या शिरल्या त्यांच्या हाती कर्जाचा हप्ता व दहाजणांपाशी असलेलीच वस्तू राहिली.

करारातील शब्दाचे महत्त्व त्या बायांनाच भोगावे लागले असे नाही. २००६ साली खुद्द युनूस व टेलेनॉर यांत वाद लागला. कंपनीत टेलेनॉरचा हिस्सा ६२ टक्के, ग्रामीण टेलिकॉमचा ३८. काही वर्षांनी आपण हिस्सा कमी करू असे टेलेनॉरने आरंभी कबूल केले होते व अखेर कंपनी गरिबांच्या मालकीची व्हावयाची होती, असे युनूस यांचे म्हणणे. तो इरादा होता, बंधन नव्हे, असे टेलेनॉरचे उत्तर. अधिक हिस्सा टेलेनॉरकडेच राहिला. ज्यास साऱ्या जगाने मानाचे पान दिले त्याच्या बाबतीत 'इरादा' आणि 'बंधन' यांतील अंतर एवढे मोठे ठरले. मग इंग्रजी अकरा पानांवर अंगठा उठविणाऱ्या बाईचे काय?

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. फोनवालीचा धंदा बसला म्हणून गाव गरीब झाले नाही, उलट झाले. आपल्याच देशातील उदाहरण घ्या. उत्तर केरळाच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइलची सेवा टप्प्याटप्प्याने पोहोचली. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने तेथील मासळीबाजाराचा अभ्यास करून २००७ साली प्रसिद्ध केला. पूर्वी होडी ज्या बंदरास लागे तेथे गिऱ्हाईक नसले तर मासळी समुद्रात फेकावी लागे, आणि थोड्या मैलांवर दुसऱ्या बंदरी तीच मासळी मिळत नसे. होडीतून फोन करता येऊ लागल्यावर हे फेकणे जवळजवळ थांबले. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि खाणारास भाव ४ टक्के उतरला. केनियात मार्च २००७ पासून मोबाइलवरून पैसे पाठविण्याची एम-पेसा ही सोय झाली. तिच्यामुळे सुमारे २ टक्के कुटुंबे दारिद्र्यातून वर आली, असा अंदाज २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केलेला आहे; त्यातही बायांनी शेती सोडून लहानसहान व्यापार धरल्याचे आढळले. परंतु नीट पाहिले असता हे दोन्ही लाभ फोन वापरणाराचे आहेत, फोनची पेढी चालविणाराचे नव्हेत. फोनमुळे गरिबी कमी होते, हे मला मान्य आहे. फोनच्या पेढीमुळे ती कमी होते काय, हा प्रश्न निराळा असून त्याचे उत्तर मुदतीवर अवलंबून आहे.

आपल्याकडे हे होऊन गेलेले आहे. आपण ते विसरलो, एवढेच. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने १९८४ साली सी-डॉट संस्था निघाली, खेड्यापाड्यांस टेलिफोन पोहोचू लागला, आणि नव्वदीच्या दशकात पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ नाक्यानाक्यावर दिसू लागले. आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत एका पायाने अधू असलेल्या गृहस्थास असे बूथ मिळाले होते. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून जेवणानंतर त्याच्या दारात रांग लागे. मुंबईस गिरणीत व पुण्यास कारखान्यात गेलेल्या मुलांशी आईबाप तेथून बोलत. कमिशनवर त्याने दोन मुलींची लग्ने केली. मग १ मे २००३ पासून मोबाइलवर आलेल्या फोनचे पैसे पडेनासे झाले आणि पाहता पाहता रांग आटली. ह्या गृहस्थाने त्याच सुमारास बूथ वाढवून काचेची खोली केली होती, तीही कर्ज काढून. धंदा मरतो आहे हे त्यास दिसत नव्हते काय? दिसत होते, परंतु वीस वर्षे चालेल अशा हिशेबाने त्याने कर्ज काढले होते आणि बँकेने दिले होते. थकबाकीची नोटीस आली तेव्हा तो माझ्याकडे अर्ज लिहून घ्यावयास आला. अर्ज चांगला लिहिला. उपयोग झाला नाही.

महसूल खात्यात माणूस काही शिकत असेल तर कर्जाची जात ओळखावयास. जुने तगाईचे दोन कायदे होते. १८८३ चा कायदा विहीर, बांध, ताल अशा जमिनीच्या कायम सुधारणेसाठी. १८८४ चा बी, बैल असल्या चालू गरजांसाठी. इंग्रज सरकारचे सारेच शहाणपण आपण घ्यावे असे नाही, पण हा भेद खरा होता. विहिरीचे पाणी नातवास मिळते, सबब तिचे कर्ज लांब मुदतीने फेडता येते. बियाण्याचे पीक एका हंगामात हाती येते किंवा जाते. त्याचे कर्ज पाच वर्षांच्या हप्त्यांनी देणे म्हणजे खळे झाल्यावरही बियाणे फेडीत बसणे होय. मोबाइलवरील पेढी हे पीक आहे. ती विहीर आहे असे समजून कर्ज दिले जाते व घेतले जाते, यात सारे दुखणे आहे. बांगला देशात हे पीक सात-आठ वर्षे टिकले, एसटीडी बूथाचे त्याहून थोडे अधिक. रिचार्जच्या दुकानाचे काय झाले ते आपण पाहतोच. जो तो आपल्या फोनवरून आपणच रिचार्ज करून घेतो.

आता आमच्या गावच्या कागदाकडे येतो. रिझर्व्ह बँकेने २००६ साली बँकांस असे प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली आणि तेव्हापासून हे काम वाढत गेले आहे. त्यास आज गरज आहे, यात शंका नाही. किसान सन्मान निधीचे दोन हजार जमा होतात, लाडकी बहीण योजनेचे दीड हजार येतात, आणि ते काढावयास म्हाताऱ्या बाईने एसटीने तालुक्यास जावे हे बरे नव्हे. शेजारच्या गावी असे केंद्र चालविणाऱ्या तरुणापाशी मी एक सबंध दिवस बसलो. गर्दी हप्ता जमा झाल्यानंतरचे चार-सहा दिवस, एरवी माश्या. लोकांस द्यावयाची रोकड प्रथम त्यास स्वतःच्या खिशातून घालावी लागते, आणि ती संपली की मोटारसायकलवरून तालुक्याच्या बँकेत जावे लागते. हजार रुपये काढून दिले तर त्याच्या हाती दोन-तीन रुपये पडतात. पेट्रोलचा हिशेब त्याने लिहिलेला नव्हता. मी लिहून दाखविला तेव्हा तो काही वेळ गप्प बसला.

आणि गिऱ्हाईक टिकणार किती दिवस? २०१६ साली यूपीआय सुरू झाले, तेव्हापासून किराणा दुकानदार व भाजीवालीही फोनवर पैसे घेतात. आज म्हाताऱ्या माणसांस ते जमत नाही. त्यांच्या सुनांस जमते. आठ-दहा वर्षांत रोकड काढावयास केंद्रावर कोण येईल, हे आपणच मनाशी ताडून पाहावे.

करारनाम्यात मला चार ठिकाणी खडे लागले. कमिशनचा दर कंपनी वाटेल तेव्हा बदलू शकते. त्याच गावात दुसरे केंद्र देण्यास तिला आडकाठी नाही. कारण न देता करार मोडता येतो, आणि मोडल्यावर यंत्र परत घेण्याची जबाबदारी कंपनीवर नाही. आणि एखाद्याने खोट्या ठशावर पैसे काढले, तर चौकशी होईपर्यंत ती रक्कम केंद्र चालविणाराच्या नावे पडते. ही शेवटची भीती पोकळ नाही. काही राज्यांत जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील अंगठ्यांचे ठसे उचलून लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. वाचकांनी आपापल्या आधारवरील ठसे कुलूपबंद करून ठेवावे. ती सोय फुकट आहे.

ही केंद्रे नकोत, असे माझे म्हणणे नाही. केंद्र गरिबाने चालवावे, पण करार एकट्या गरिबाने करू नये. बांगला देशच्या व्यवस्थेत जे खरे शहाणपण होते ते मध्ये उभ्या असलेल्या संस्थेत होते. घाऊक घासाघीस ती करी. ही जागा आपल्याकडे गावच्या विविध कार्यकारी सोसायटीची आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये झालेल्या करारान्वये प्राथमिक सोसायट्यांस सामाईक सेवा केंद्राची कामे करण्याची वाट मोकळी झाली आहे. सोसायटीने करार आपल्या नावे करावा, यंत्र आपल्या नावे घ्यावे, रोकड आपल्या तिजोरीतून द्यावी, आणि चालविण्याचे काम भूमिहीन किंवा निराधार घरातील माणसास कमिशनच्या मोठ्या वाट्यावर सोपवावे. धंदा बसला तर यंत्र माळ्यावर जाईल, घर लिलावात जाणार नाही. वारणेच्या खोऱ्यात १९९८ साली सहकारी परिवाराने गावोगाव संगणकाची केंद्रे काढली. उसाचे वजन व बिलाची माहिती तेथे मिळे. पुढे काही गावांत तेच काम मोबाइलवरील संदेशांनी करून पाहिले, तेव्हा ते स्वस्त पडले व शेतकऱ्यांस अधिक पसंत पडले. केंद्राचे काम फोनने घेतले. परंतु केंद्र संस्थेचे होते, कोणा एका कर्जदाराचे नव्हते.

कोणी म्हणतील की सोसायटीत राजकारण आहे, तेथे केंद्र सचिवाच्या मेहुण्यास मिळेल. हे म्हणणे खोटे आहे असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तथापि मेहुण्यास मिळाले तर सभेत उठून विचारता येते. कंपनीच्या प्रतिनिधीची तिसऱ्या महिन्यात बदली होते आणि त्याचा फोन लागत नाही.

आमच्या सोसायटीच्या पंचांपुढे मी हा विषय मांडला आहे. दोघे अनुकूल, दोघे म्हणतात पुढच्या सभेत पाहू, बाकीचे ऐकून घेतात. दरम्यान कंपनीच्या प्रतिनिधीस मी चार कलमे दुरुस्तीसाठी लेखी दिली. वर्षभर गावात दुसरे केंद्र न देणे व करार मोडल्यास निम्म्या किमतीत यंत्र परत घेणे, ही दोन त्याने तोंडी कबूल केली. लेखी द्या म्हटल्यावर वरिष्ठांस विचारतो म्हणाला. बाईस मी सांगितले, "वहिनी, लेखी येऊ द्या. आले तर अठरा महिन्यांत फिटेल एवढ्याच कर्जास मी जामीन राहीन, त्याहून अधिकास नाही." तिने मान डोलावली, पण तिच्या तोंडावरून तिला ते फारसे रुचले नाही असे दिसले. शाळेची फी जूनमध्ये भरावयाची आहे. जामिनाचा कागद अद्याप माझ्या पेटीत कोराच आहे.